पाद्री टॉमस स्टीफन्स : ऐकणाऱ्यांसाठीं शास्त्राची मांडणी करणारा शिक्षक

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परांडा तालुक्यांत सोनारी हें गांव आहे. भैरवनाथाच्या देवळामुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक झालें आहे, व यात्रेच्या दिवसांत तेथें बाहेरगांवचे पुष्कळ लोक जमतात. या भागांतील खेड्यांत पोथी ऐकण्याची रीत जुनी आहे. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि अध्याय संपला म्हणजे मंडळी उठते. दुसऱ्या दिवशीं पुढचा अध्याय. ज्यास अक्षर येत नाहीं तोही, काल कथा कोठवर आली होती, हें बिनचूक सांगतो.

अशा गांवीं पवित्र शास्त्र शिकवावयास जो बसतो, त्याच्यापुढें एक अडचण उभी राहते. श्रोत्यांस सबंध कथा मनांत धरून ठेवण्याची संवय आहे. परंतु आपण त्यांस आज मत्तयांतील एक वचन देतों, पुढच्या रविवारीं स्तोत्रांतील एक, आणि त्याच्या पुढच्या रविवारीं एखाद्या पत्रांतील एक. वर्ष सरतें, वचनें बरींच पाठ होतात, पण सबंध ग्रंथ असा एकही हातीं लागत नाहीं. म्हणून शास्त्रांतील एकेका पुस्तकाची रूपरेषा, म्हणजे त्याच्या भागांचें क्रमवार टांचण, कोठें तयार मिळेल काय, असें आमचे उपदेशक बंधु वारंवार विचारीत असतात. या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं, हीच अडचण चारशें वर्षांपूर्वीं ज्यास पडली आणि मराठी भाषेंतच ज्यानें तिच्यांतून वाट काढली, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों. ते पाद्री टॉमस स्टीफन्स होत. ते रोमन मंडळीचे येशूसंघी होते, आणि त्या मंडळीच्या कित्येक मतांशीं आमचा मेळ नाहीं, हें वाचक जाणतातच. तथापि ज्याच्यापासून शिकण्यासारखें आहे त्याच्यापाशीं शिकण्यास लाज कसली?

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांत विल्टशर प्रांतांतील बुश्टन या गांवीं १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचा बाप व्यापारी होता. त्या काळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें व रोमन मंडळीच्या लोकांवर सरकारची करडी नजर असे. तरुणपणीं टॉमस पाउंड नांवाच्या एका धनवान् गृहस्थाशीं त्यांचा स्नेह जडला. दोघांनीं मिळून रोमास जाऊन येशूसंघांत शिरण्याचा बेत केला होता, आणि स्टीफन्स आपल्या मित्राचा चाकर असें सोंग घेऊन त्याच्याबरोबर हिंडत असत. पुढें पाउंड पकडला जाऊन तुरुंगांत पडला. स्टीफन्स एकटेच रोमास पोंचले व १५७५ सालीं त्या संघांत दाखल झाले.

तेथून त्यांची पाठवणी हिंदुस्थानास झाली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजें निघालीं. त्यांपैकीं एकावर ते होते. आफ्रिकेस वळसा घालून, वारा, वादळें व दुखणीं सोशीत, सहा महिन्यांहून अधिक काळानें, म्हणजे २४ ऑक्टोबर रोजीं, ते गोव्यास उतरले. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं आपल्या बापास या प्रवासाची सविस्तर हकीकत लिहून पाठविली. तींत वारे, तारे, मासे, पक्षी, खलाशांचे आजार, असें जें जें डोळ्यांनीं पाहिलें तें तें नीट क्रमानें मांडलेलें आहे. पुढें तें पत्र इंग्लंडांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचें नांव घेतात. ते व्यापारासाठीं आले नव्हते, आणि मायदेशीं परत गेलेही नाहींत. सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांतच, बहुतेक काळ साष्टी प्रांतांत, काढलीं व १६१९ सालीं तेथेंच देह ठेविला.

ते ज्या साष्टींत गेले ती कशी होती, हें ध्यानांत आणल्यावांचून त्यांच्या कामाचें मोल कळणार नाहीं. पोर्तुगीज अंमलांत १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा बसली. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. जुन्या पोथ्या बाळगण्यास व वाचण्यास बंदी झाली. पुष्कळ लोकांचा बाप्तिस्मा झाला. कित्येकांचा मनापासून, कित्येकांचा भयानें. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी गांवीं लोकांचा क्षोभ उसळला व पांच येशूसंघी मारले गेले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या गांवच्या पुढाऱ्यांस बोलावून आणून ठार केलें. स्टीफन्स तेव्हां त्याच भागांत काम करीत होते. देऊळ पाडतां येतें, पोथी हिरावून घेतां येते. परंतु तेवढ्यानें माणसाच्या मनांत नवें ज्ञान उत्पन्न होत नाहीं. साष्टींतील नव्या ख्रिस्ती लोकांची स्थिति अशी होती कीं, त्यांच्या जुन्या कथा गेल्या होत्या आणि त्या जागीं नवी कथा बसली नव्हती. चर्चमध्यें उपासना लॅटिन भाषेंत चाले. मराठींत किंवा कोंकणींत पवित्र शास्त्र नव्हतेंच. मुलें प्रार्थना व आज्ञा घोकीत. परंतु सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सबंध हकीकत त्यांस सांगणारें त्यांच्या भाषेंतील पुस्तक कोणाजवळ नव्हतें.

स्टीफन्स यांनीं प्रथम भाषा धरली. साष्टींतील लोकांची बोली ते बोलूं लागले आणि त्याबरोबरच मराठी कवितेचाही अभ्यास त्यांनीं केला. १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत, इकडील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडली, आणि तेव्हांपासून ती विद्वानांत गाजली. स्टीफन्स यांच्या ध्यानांत ती दोनशें वर्षें आधीं आली होती. त्यांनीं लोकांच्या बोलीचें एक व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहिलें. तें त्यांच्या मरणानंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें, आणि हिंदुस्थानच्या भाषांपैकीं छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची गणना होते. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपानें लिहिलेलें त्यांचें धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं बाहेर आलें.

परंतु ज्या ग्रंथामुळें त्यांचें नांव महाराष्ट्रांत राहिलें तो ख्रिस्तपुराण होय. तो कसा जन्मास आला, हें ग्रंथाच्या आरंभींच सांगितलें आहे. एके दिवशीं लोकांस व मुलांस धर्मशिक्षण देणें चाललें असतां एका ब्राह्मण श्रोत्यानें पाद्र्यास विनंती केली. हें शिक्षण चांगलें आहे. परंतु आमच्या जुन्या पुराणांस मनाई झाली आहे, तर त्यांच्या जागीं आम्हांस एखादें नवें पुराण करून द्यावें, अशा अर्थाची ती विनंती होती. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. शिक्षक प्रश्नोत्तरें देत होता. श्रोत्यास कथा हवी होती. शिक्षक सुटे सुटे मणी देत होता; श्रोत्यानें दोरा मागितला. स्टीफन्स यांनीं ही मागणी टाकून दिली नाहीं, व ती मागणाऱ्यास अज्ञानी म्हटलें नाहीं. आपल्या शिकविण्यांत काय उणें आहे, हें शिष्यानें दाखविलें आणि गुरूनें तें मानलें.

मग त्यांनीं जी मांडणी केली ती लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांनीं ग्रंथाचे दोन भाग केले. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, आदाम व हव्वा यांचें पतन, जलप्रलय, अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, संदेष्टे, असा जुन्या कराराचा विषय आला आहे. दुसऱ्या पुराणांत प्रभु येशूचा जन्म, त्याचीं कामें, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांची हकीकत आहे. ग्रंथ छापला तेव्हां त्यास पोर्तुगीज भाषेंत जें नांव दिलें होतें त्याचा भाव असा कीं, जगाचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या आगमनाविषयींचें हें विवेचन असून तें दोन भागांत केलेलें आहे. सबंध ग्रंथाची रूपरेषा या एका नांवांत सामावली आहे. तारणारा कां हवा होता व त्याचें वचन कसें मिळालें, हा पहिला भाग. तो आला व त्यानें काय केलें, हा दुसरा भाग. इतका मोठा जुना करार, त्यांत कितीतरी राजे, लढाया, वंशावळ्या व नियम. परंतु कोणती गोष्ट घ्यावी व कोणती वगळावी, हें ठरविण्यास त्यांच्यापाशीं ही एक कसोटी होती.

पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ असे एकूण ९५ अध्याय आहेत. त्यांस ग्रंथांत अवस्वरु असें म्हटलें आहे. ओव्या सुमारें अकरा हजार. म्हणजे एका अध्यायास सरासरी सवाशेंच्या आंत ओव्या येतात; एका बैठकीस तेवढें पुरे. आठवड्यास एक अध्याय असा हिशेब केला तर जुना व नवा करार मिळून सबंध कथा दोन वर्षांच्या आंत श्रोत्यांच्या कानांवरून जाते. शास्त्राचे जे अध्याय आज आपण मोजतों ते सुमारें तेराव्या शतकापासूनचे, व वचनांचे आंकडे तर १५५१ सालीं नव्या करारांत पहिल्यानें छापले गेले. ते विद्वानांच्या सोयीचे आहेत. स्टीफन्स यांनीं आपले अध्याय श्रोत्यांच्या बैठकीस जमतील असे पाडले.

भाषेविषयींही त्यांनीं हाच विचार केला. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंत ते सांगतात कीं, हा ग्रंथ मराठींत लिहिला आहे. परंतु जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून देऊन, लोकांच्या बोलींतील सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळले आहेत, यासाठीं कीं सामान्य जनांस अर्थ कळावा. ज्ञानदेव व एकनाथ यांनीं जी ओवी घरोघर पोंचविली, तीच ओवी त्यांनीं घेतली. जात्यावर बसणाऱ्या बाईसही तो छंद परका नव्हता. आणि श्रोत्यांच्या शंकाही त्यांनीं ग्रंथांत येऊं दिल्या. कथा चालू असतां ऐकणारा अडतो, प्रश्न करतो, व पाद्री उत्तर देतो.

ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ या सालीं तो पुन्हा छापला. चर्चमध्यें व घरोघर तो वाचला जाऊं लागला. पहिल्या छापण्यानंतर तिसऱ्या वर्षीं स्टीफन्स वारले.

पुढें काळ फिरला. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. देशी भाषांतील पुस्तकांस कोणी वाली उरला नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. ज्या लोकांनीं तो ऐकला होता त्यांनीं तो हातानें उतरून घेतला. गोवा सोडून मंगळूराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपून ठेविलीं. त्यांवरून १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळूर येथें तो पुन्हा छापला. पुढें अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन यांच्या संग्रहांत या ग्रंथाची देवनागरी प्रत असल्याचें १९२३ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणिलें. आणि १९५६ सालीं प्रा. शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास तो देवनागरींत प्रसिद्ध केला. सरकारचा हुकूम पडला, छापील प्रती नाहींशा झाल्या, पण जें लोकांच्या तोंडांत क्रमानें बसलें होतें तें तीनशें वर्षें टिकलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. तयार रूपरेषा मिळतात, व त्या घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु स्टीफन्स यांच्या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, ज्या मंडळीस शिकवावयाचें तिच्याकडे पाहूनच रूपरेषा केली पाहिजे. दुसऱ्या ठिकाणच्या वर्गासाठीं केलेली जशीच्या तशी उतरून घेतली तर ती शिक्षकाच्या वहींत राहते, श्रोत्याच्या मनांत उतरत नाहीं. आणि ती करणें उपदेशकाच्या शक्तीबाहेरचें नाहीं. रूथाचें पुस्तक घ्या. तें प्रथम एका बैठकींत सबंध, मोठ्यानें, दोन तीन वेळां वाचावें. मग त्याचा दोरा कोणता तें एका वाक्यांत लिहावें: दुष्काळानें रिकामें झालेलें एक घर देवानें पुन्हा भरलें, आणि त्याच घरांतून पुढें दावीद आला. नंतर जागा कोठें बदलते तें पाहावें. पहिल्या अध्यायांत वाट आहे. नामी व तिची सून मवाबांतून बेथलेहेमास येतात. दुसऱ्यांत शेत आहे. रूथ सरवा वेचते. तिसऱ्यांत खळें आहे. चौथ्यांत गांवची वेस आहे. तेथें वडीलजन बसतात व बवाज निवाडा करून घेतो. वाट, शेत, खळें, वेस: हे चार शब्द सोनारीकडील कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाहींत? चार बैठकी झाल्या म्हणजे निरक्षर बाईही या चार शब्दांवरून सबंध पुस्तक सांगूं लागेल.

मार्काचें शुभवर्तमान मोठें आहे, १६ अध्यायांचें. तरी त्याचेही भाग पडतात. आठव्या अध्यायाच्या मध्यापर्यंत प्रभु गालीलांत व आसपास फिरतो, आणि हा आहे तरी कोण, असा प्रश्न सर्वांस पडतो. तेथें पेत्र उत्तर देतो, व त्यानंतर दहाव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत यरुशलेमाची वाट आहे. अकरा ते तेरा या अध्यायांत यरुशलेम शहर व मंदिर आहे. चौदा ते सोळा यांत वधस्तंभ व रिकामी कबर आहे. प्रत्येक भागाच्या पोटांत आपल्या मंडळीस जमतील तितक्या बैठकी पाडाव्या. पुढचा भाग सुरू करण्यापूर्वीं मागचा भाग श्रोत्यांकडून सांगवून घ्यावा, आणि कोणी शंका काढली तर ती दाबूं नये. ज्या ठिकाणीं ऐकणारा अडतो, त्या ठिकाणीं आपली रूपरेषा कच्ची आहे असें समजावें.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. साष्टींतील श्रोत्यांपाशीं शास्त्र नव्हतें. पाद्र्यांनीं जें निवडलें तें त्यांनीं ऐकलें, आणि मूळांत काय आहे व आपल्या मंडळीच्या परंपरेंतून पाद्र्यांनीं काय घातलें आहे, हें ताडून पाहण्यास त्यांच्या हातीं साधन नव्हतें. १८०५ सालीं डॉ. केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मत्तयाचें मराठी शुभवर्तमान निघालें, व १८११ सालीं नवा करार निघाला. तेव्हांपासून ही उणीव हळूहळू भरून येत गेली. म्हणून आपल्या वर्गांत रूपरेषा सांगतांना पुस्तक उघडें असावें, आणि ज्या कोणास वाचतां येतें त्यानें, मग तें शाळेंत जाणारें मूल कां असेना, तो भाग मूळांतून वाचून दाखवावा. रूपरेषा ही गांवच्या वेशीसारखी आहे. तिच्यांतून आंत जावयाचें असतें, तेथेंच बसून राहावयाचें नसतें.

बंधुजनहो, स्टीफन्स यांस आपल्याप्रमाणें छापील मराठी शास्त्र मिळालें नाहीं. परक्या भाषेंत, परक्या देशांत, भयानें दबलेल्या लोकांत त्यांनीं काम केलें. तरी एका श्रोत्याची मागणी ऐकून त्यांनीं सबंध शास्त्र एका दोऱ्यांत ओवून दाखविलें. आम्हांजवळ शास्त्र आहे, भाषा आपली आहे, व श्रोते आपल्याच आळींतले आहेत. तर येत्या आठवड्यांत प्रत्येक उपदेशकानें एक लहानसें पुस्तक निवडावें, तें सबंध वाचावें, आणि आपल्या गांवच्या शब्दांत त्याचे भाग कागदावर मांडावे. तो कागद मंडळीपुढें ठेवून तिला विचारावें कीं, हें तुम्हांस सांगतां येईल काय? ज्या दिवशीं कोणी म्हातारी, बोटांवर मोजीत, तें पुस्तक आपल्या नातवास क्रमानें सांगेल, त्या दिवशीं तो कागद फाडून टाकला तरी चालेल.